फुकटच्या घंटीचा हिशेब

मिस्ड कॉल मोबाइलसोबत आला असं आपण गृहीत धरतो. खरं तर ही कल्पना टेलिफोनपेक्षाही जुनी आहे. निरोप पोचवायला पैसे पडायला लागले, तेव्हाच कुणीतरी पैसे न देता निरोप पोचवायची युक्तीही काढली.

भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठच्या आमच्या गावात ही युक्ती रोजच्या व्यवहारातली होती. "पोचल्यावर मिसकॉल देजो" हे वाक्य घरातून निघणाऱ्या प्रत्येकाच्या मागे उंबरठ्यापर्यंत यायचं. माझ्या पिढीने लहानपणी पीसीओ पाहिला, कॉलेजात एसएमएस पॅक मारले आणि नोकरी लागेपर्यंत जिओ आलं. आमच्यासाठी मिस्ड कॉल आता मीमचा विषय झालाय. "तो अजून मिस्ड कॉल मारतो" म्हणजे तो कंजूष आहे, एवढाच अर्थ उरलाय.

पण या विनोदाखाली एक गंभीर प्रश्न आहे. निरोपाचे पैसे कोणी द्यायचे, पाठवणाऱ्याने की घेणाऱ्याने? गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाचं उत्तर एकदा नाही, अनेकदा फिरलं. सध्या ते जिथे येऊन थांबलंय, त्याची किंमत माझ्या मायसारख्या कीपॅडवाल्यांना दर अठ्ठावीस दिवसांनी मोजावी लागते.

कोऱ्या कागदाचं पत्र

१८४० च्या आधी इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे सहसा घेणारा द्यायचा, आणि तेही अंतर बघून. लांबून आलेलं पत्र गरीब घराला परवडत नसे. कवी कोलरिजने सांगितलेला एक किस्सा त्या काळात बराच गाजला. एका बाईच्या दारात पोस्टमन पत्र घेऊन आला. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि पैसे नाहीत म्हणून परत केलं. कोलरिजला दया आली, त्याने पैसे भरले. पोस्टमन गेल्यावर बाईने सांगितलं की आत काहीच लिहिलेलं नाही. तिच्या भावाशी तिचं आधीच ठरलं होतं. त्याने दर तीन महिन्यांनी एक कोरा कागद पाठवायचा. पत्र आलं म्हणजे भाऊ खुशाल आहे. ते घ्यायची गरजच नाही.

हाच पहिला मिस्ड कॉल म्हणायला हरकत नाही. घंटी वाजली, निरोप कळला, फोन उचलला नाही.

रोलंड हिल नावाच्या सुधारकाने टपाल व्यवस्थेवर लिहिताना हा किस्सा वापरला. त्याचं म्हणणं सरळ होतं. दर इतके जास्त असतील तर लोक व्यवस्थेला बगल देणारच. त्यापेक्षा दर कमी करा, सगळ्या अंतरांना एकच ठेवा, आणि पैसे पाठवणाऱ्याकडून आधीच घ्या. त्यातून १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीचं टपाल आणि चिकटवायचं तिकीट आलं.

आपल्याकडे हा बदल १८५४ मध्ये आला. भंडाऱ्यासाठी हे साल दोन कारणांनी महत्त्वाचं आहे. डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारसाशिवाय वारले आणि १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. भंडारा त्या राज्याचा भाग होता. त्याच डलहौसीच्या काळात, त्याच वर्षी, देशभर टपालाचा एकच दर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतचं पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागलं. ज्या वर्षी आमचा मुलूख कंपनी सरकारच्या हिशेबात गेला, त्याच वर्षी इथून कलकत्त्याला पत्र पाठवणं आणि नागपूरला पाठवणं सारख्याच किमतीचं झालं.

तिकीट न लावलेलं पत्रही जायचं, पण त्याचे दुप्पट पैसे घेणाऱ्याला भरावे लागायचे. मराठीत अशा पत्राला 'नॉटपेड' म्हणत आणि हिंदीत 'बैरंग'. हा 'बैरंग' इंग्रजी 'बेअरिंग'मधून आलाय, रंगाशी त्याचा संबंध नाही. नॉटपेड पत्र दारात परत करायची सोय होतीच. म्हणजे कोरा कागद पाठवायची वाट इथेही उघडी होती.

चौकटीत बसवलेला संसार

१ जुलै १८७९ ला भारतात पोस्टकार्ड आलं, किंमत पाव आणा. पत्राच्या निम्म्या पैशात निरोप जाऊ लागला. बदल्यात दोन गोष्टी सोडाव्या लागल्या: जागा आणि खाजगीपणा. कार्ड पोस्टमन वाचणार, ज्याच्याकडून वाचून घ्यायचं तो वाचणार, आणि ओसरीवर बसलेले सगळे ऐकणार.

जागेच्या टंचाईतून मराठीत एक छोटी लिपीच तयार झाली. 'तीर्थरूप'चं 'ती.', 'साष्टांग नमस्कार'चं 'सा. न.', 'विनंती विशेष'चं 'वि. वि.'. आज आपण 'गुड मॉर्निंग'चं 'जीएम' करतो, त्याला मोठी माणसं नाकं मुरडतात. त्यांच्या आजोबांनी संपूर्ण नमस्कार चार अक्षरांत बसवला होता. मजकूर संपला की कडेच्या कोऱ्या पट्टीत, उभ्या ओळीत, "धाकटीचं जमलं" यासारखी मुख्य बातमी यायची.

आणि न लिहिता सांगायची रीतही होतीच. कार्डाचा कोपरा फाडलेला असला की कुणीतरी गेलं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कार्ड हातात आल्याआल्या कळायचं.

तारेचा हिशेब आणखी कडक होता, कारण तिथे शब्दाला पैसे. म्हणून तारेतली वाक्यं क्रियापदं गाळून जायची. सणाच्या आणि लग्नाच्या शुभेच्छांसाठी तार खात्याने ठरावीक वाक्यांची यादीच केली होती आणि प्रत्येक वाक्याला नंबर दिला होता. आपण नंबर सांगायचा, पलीकडच्या तार ऑफिसात त्या नंबराचं पूर्ण वाक्य कागदावर उतरायचं. आजच्या स्टिकर पॅकचं तत्त्व वेगळं नाही. तयार भावना निवडायची आणि पाठवून द्यायची. जुलै २०१३ मध्ये भारतातली तारसेवा बंद झाली, तेव्हा शेवटची तार पाठवायला शहरांत रांगा लागल्या. त्या रांगांत आयुष्यात पहिल्यांदाच तार पाठवणारेही बरेच होते.

शेजाऱ्याचा नंबर

टेलिफोन आपल्या गावांत उशिरा आला. त्यामागे एक साधी अडचण होती. परदेशी बनावटीच्या एक्स्चेंजना थंड, धूळ नसलेली खोली लागायची. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या आणि वीज जात-येत राहणाऱ्या विदर्भात अशी खोली तालुक्याच्या गावीही मिळणं अवघड. १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था सुरू झाली. तिने १२८ लाइनींचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला असं पहिलं एक्स्चेंज बसलं. पुढे देशभरच्या गावांत फोनची घंटी वाजली ती बऱ्याच अंशी या यंत्रामुळे.

तरी प्रत्येक घरात फोन नव्हताच. म्हणून 'पीपी नंबर' नावाची सोय निघाली. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर, शाळेच्या फॉर्मवर नंबर लिहायचा आणि पुढे कंसात 'पीपी'. म्हणजे फोन शेजाऱ्याचा आहे, आम्हाला बोलवावं लागेल. शेजारी ओरडून बोलवायचा, आपण पळत जायचं, तोवर लाइन धरलेल्याचं मीटर पडत राहायचं. म्हणून शहाणी माणसं आधी एक फोन करून "बोलावून ठेवा, दहा मिनिटांनी करतो" एवढंच सांगून ठेवून देत. काटकसरीचं हे पहिलं दूरध्वनी शास्त्र.

मग पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आले. यातले अनेक अपंग व्यक्तींना प्राधान्याने मिळाले होते. छोटी काचेची खोली, आत पंखा नाही, आणि डोक्यावर लाल आकडे पळवणारं मीटर. बोलणाऱ्याची नजर मीटरवर आणि तोंड फोनवर. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळनंतर कमी, आणि रात्री अकरानंतर चौथाई. भिलाईला, नागपूरला, पुण्याला कामावर असलेल्यांच्या घरचे लोक रात्री जेवून, आवरून पीसीओसमोर बसायचे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. त्याचं आवतन एकेकाळी कार्डाने जायचं, आता ते चौथाई दरात जाऊ लागलं.

या मीटरची एक खोड सगळ्यांनी लवकरच हेरली. पलीकडे फोन उचलल्याशिवाय आकडे पळत नाहीत. मग ठरलं: दोन घंट्या वाजवून ठेवायचं, म्हणजे पोचलो. मिस्ड कॉल हा शब्द अजून यायचा होता, पण गोष्ट आली होती. कोलरिजच्या त्या बाईपासून इथपर्यंत फक्त यंत्र बदललं.

उचलायचेही पैसे

३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि तो दोघांनाही पडायचा. फोन करणाऱ्याला पैसे आणि उचलणाऱ्यालाही पैसे. १८४० पूर्वीचं इंग्लंड पुन्हा आलं होतं. ज्यांच्याकडे मोबाइल होता ते नंबर बघून फोन कापायचे आणि लँडलाइनवरून उलट लावायचे.

१ मे २००३ ला चित्र पालटलं. 'करेल त्याने भरावे' हे तत्त्व लागू झालं आणि मोबाइलवर येणारा कॉल फुकट झाला. त्याच्या आधीच, २८ डिसेंबर २००२ ला, धीरूभाई अंबानींच्या जन्मदिनी रिलायन्स इन्फोकॉम सुरू झालं होतं. फोन कॉल पोस्टकार्डापेक्षा स्वस्त व्हावा ही धीरूभाईंची इच्छा जाहिरातीसारखी घरोघरी पोचली. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून हँडसेट हातात देणारी योजना आली. नोकियाचा ११०० हा मॉडेलही त्याच वर्षीचा. त्याला टॉर्च होता. रात्री बांधीला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसासाठी कॉलइतकाच तो टॉर्चही कामाचा होता.

येणारा कॉल फुकट आणि जाणारा महाग. या फटीत मिस्ड कॉल वाढला. २००५ च्या अखेरीस 'लाइफटाइम' योजना आल्या. एकदा ९९९ रुपये भरा आणि इनकमिंग आयुष्यभर सुरू. घरोघरी असे फोन आले ज्यांच्यात बॅलन्स कधीच नसायचा. ते फोन फक्त वाजायला होते, आणि तेवढं पुरेसं होतं.

एक घंटी, दोन घंट्या

आमच्या घरचं व्याकरण पक्कं होतं. एक घंटी म्हणजे पोचलो. दोन म्हणजे फोन कर. थांबून थांबून तीनदा म्हणजे जिथे असशील तिथून आधी फोन कर. बाबा वरठीला रेल्वेतून उतरले की एक घंटी यायची आणि माय भाताखालचा जाळ मोठा करायची. मी नागपूरला शिकत होतो तेव्हा रोज रात्री नऊला माझी एक घंटी घरी जायची. एकदा मित्रांनी विचारलं, एक रुपयाचा कॉल कर ना, दोन शब्द बोल. मी ते मायला सांगितलं. ती म्हणाली, "बोलाचंच नाही त पैसे कायचे?"

या वाक्यात कंजुषी नव्हती. दोघांत काही ठरलेलं असेल तर खूण पुरते, एवढाच त्याचा अर्थ. काटकसर आणि कंजुषी यांत हाच फरक आहे असं मला वाटतं. कंजुषीत समोरच्याचं काहीतरी कमी होतं. काटकसरीत दोघांना पुरेल इतकं आधीच ठरलेलं असतं.

कोणी कोणाला मिस्ड कॉल द्यायचा याचेही नियम होते. कमावणाऱ्याने द्यायचा नाही, घ्यायचा. मजुरी मागायला मालकाला द्यायचा नाही, ते उद्धटपणाचं. रोवण्याच्या दिवसांत मजूर हवे असतील तर मालकाने पूर्ण फोन करायचा. जावयाने सासऱ्याला दिला तर त्याची चर्चा व्हायची.

मला हे आमच्यापुरतं वाटायचं. पुढे जोनाथन डॉनर या संशोधकाचा २००७ मधला रवांडावरचा लेख वाचला. तिथे याला 'बीप करणं' म्हणत. डॉनरने त्याचे तीन प्रकार सांगितलेत: परत फोन कर, आधी ठरलेली खूण, आणि नुसती आठवण. नियमही तसेच. पैसेवाल्याने भरायचं, काम मागताना बीप करायचं नाही, आणि जिच्यावर छाप पाडायची आहे त्या मुलीला तर मुळीच नाही. नायजेरिया आणि घानात याला 'फ्लॅश करणं' म्हणतात. हजारो मैलांवरच्या माणसांनी एकमेकांना न विचारता सारखंच व्याकरण रचलं, कारण दरपत्रक सारखं होतं.

शेतीतही ही घंटी शिरली. कृषिपंपाची वीज बहुतेक वेळा रात्री येणार, आणि पंप शेताच्या टोकाला, वाटेत साप-विंचू. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारं 'नॅनो गणेश' हे उपकरण बनवलं. २००९ मध्ये त्याला नोकियाच्या स्पर्धेत पुरस्कार मिळाला. स्टार्टरला सिम लावलेला मोबाइल जोडायचा, घरून फोन करायचा, पंप सुरू. पुढे असे स्टार्टर गावोगावच्या दुकानांत दिसू लागले. अंधारात धुऱ्यावरून चालत जाण्याची एक खेप वाचवणं ही रिचार्जच्या बचतीपेक्षा फार मोठी बचत होती.

घंटीचा बाजार

गरिबांची युक्ती कंपन्यांच्या आणि पक्षांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. २०१० मध्ये बंगळुरूत झिपडायल ही कंपनी मिस्ड कॉलच्याच धंद्यावर उभी राहिली. जाहिरातीतल्या नंबरावर मिस्ड कॉल द्या, आम्ही परत फोन करू. जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. हिंदुस्तान युनिलिव्हरने बिहार आणि झारखंडमध्ये 'कान खजुरा तेसन' चालवलं. मिस्ड कॉल दिला की परत फोन यायचा, त्यावर गाणी, विनोद आणि मधे साबणाच्या जाहिराती. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या लोकपाल आंदोलनात पाठिंबा म्हणजे मिस्ड कॉल होता. पुढे भाजपने सदस्य नोंदणीही मिस्ड कॉलवर केली. बँकांनी खात्यातली शिल्लक सांगायला नंबर दिले.

कोलरिजच्या त्या बाईची गुप्त खूण आता मतांची आणि गिऱ्हाइकांची मोजदाद झाली होती.

वीस सेकंदांचं भांडण

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि बोलणं फुकट झालं. मिस्ड कॉलचा जमाना संपला असं सगळ्यांनीच मानलं. पण त्याच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं भांडण यानंतरच व्हायचं होतं.

ते समजायला एक जुनी तरतूद माहीत असावी लागते. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन करतो, तेव्हा पहिली कंपनी दुसरीला मिनिटामागे ठरावीक रक्कम देत असे. एकेकाळी ती ३० पैसे होती. २००९ मध्ये २० पैसे, २०१५ मध्ये १४, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे. म्हणजे फक्त कॉल घेणारा, कधीही न करणारा ग्राहकसुद्धा आपल्या कंपनीला पैसे मिळवून द्यायचा. मायचा बॅलन्स नसलेला फोन वाजायचा, तेव्हा तिच्या कंपनीच्या खात्यात काही पैसे पडायचे. लाइफटाइम योजना म्हणजे दानधर्म नव्हता, त्यामागे हा हिशेब होता.

२०१९ मध्ये जिओने आपल्याकडून जाणाऱ्या कॉलची घंटी वाजण्याचा वेळ वीस सेकंदांवर आणला. घंटी लवकर थांबली तर समोरचा उचलू शकत नाही, त्याला मिस्ड कॉल दिसतो आणि तोच परत फोन करतो. मग सहा पैसे उलट दिशेने वाहतात. दुसऱ्या कंपन्यांनी आरडाओरडा केला. जिओचं म्हणणं असं की, इतर नेटवर्कवरून आपल्या ग्राहकांना रोज पंचवीस ते तीस कोटी मिस्ड कॉल येतात आणि परतीच्या फोनचा भुर्दंड आपल्यावर पडतो. शेवटी १ नोव्हेंबर २०१९ ला ट्रायने नियमच करून टाकला. न उचललेल्या मोबाइलची घंटी तीस सेकंद वाजेल, लँडलाइनची साठ.

देशात घंटी किती सेकंद वाजावी हे सरकारी नियमाने ठरलं, त्यामागे आमच्यासारख्यांची ही खोड होती. मला याची गंमत वाटते आणि थोडा अभिमानही.

आयुष्यभराची मुदत

१ जानेवारी २०२१ ला ते सहा पैसेही शून्यावर आले. आता फक्त कॉल घेणारा ग्राहक कंपनीला काहीच मिळवून देत नाही. त्याची चाहूल आधीच लागली होती. २०१८ च्या शेवटी मोठ्या जुन्या कंपन्यांनी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज सुरू केला. तो न करणाऱ्यांचं आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंग बंद. 'आयुष्यभर' म्हणून विकलेली सेवा तेरा वर्षांत संपली.

मग दर चढत गेले: २०१९, २०२१ आणि जुलै २०२४. शेवटच्या वाढीनंतर खासगी कंपन्यांचे अठ्ठावीस दिवसांचे साधे पॅक १८९ ते १९९ रुपयांच्या घरात आले. महिना अठ्ठावीस दिवसांचा धरला की वर्षात तेरा महिने होतात. १९९ ला तेराने गुणा: २५८७ रुपये. २०२४-२५ साली साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. म्हणजे नुसता फोन वाजता ठेवायला, एक शब्द न बोलता, वर्षाला एक क्विंटलहून जास्त धान. या हिशेबात एकही कॉल नाही. फक्त हजेरी आहे.

कंपन्यांची बाजूही खोटी नाही. टॉवर, वीज, स्पेक्ट्रम यांना पैसे लागतात, आणि काही न भरणारे ग्राहक सांभाळत राहायचे तर तो खर्च इतरांवर जातो. पण आजच्या फोनवर फक्त गप्पा येत नाहीत. बँकेचा ओटीपी त्यावर येतो. धान खरेदी केंद्राच्या ऑनलाइन नोंदणीत तोच नंबर असतो. १५ रुपयांत मिळणारा डिजिटल सही असलेला सातबारा काढायचा तरी मोबाइल नंबर लागतो. ई-पीक पाहणी त्यावर, आधार त्यावर, लाडकी बहीण योजनेचे दीड हजार ज्या खात्यात येतात ते खातंही त्याच नंबराशी जोडलेलं. सरकारने माणसाची ओळख त्या नंबरावर टांगली आणि तो नंबर जिवंत ठेवायचं बिल माणसाकडेच राहिलं.

मागच्या वर्षी मायच्या फोनचं इनकमिंग बंद झालं, तेव्हा ते आम्हाला चार दिवसांनी कळलं. फोन वाजत नाही हे ज्याचा फोन आहे त्याला कळतच नाही. त्या दिवसांत पोस्टातल्या बाईने, मावशीने आणि मी, तिघांनी लावून पाहिला होता. तिला वाटलं, कुणाला आठवण नाही.

हे घडल्यावर मी सगळे पॅक नीट वाचले. तुमच्याही घरी असा एखादा फोन असेल, म्हणून तीन गोष्टी सांगतो. एक, डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. देशात अजून पंधरा कोटींच्या आसपास लोक साधा फोन वापरतात असं ट्रायनेच तेव्हा नोंदवलं होतं. २०२५ च्या सुरुवातीला असे वर्षभराचे पॅक १८५० रुपयांच्या आसपास आले. अॅपमध्ये ते सहसा खाली, कोपऱ्यात असतात. शोधावे लागतात. दोन, २०२२ पासून प्रत्येक कंपनीने किमान एक पॅक पूर्ण तीस दिवसांचा ठेवायचा आहे, तेरावा महिना तिथे वाचतो. तीन, २०१३ च्या नियमाप्रमाणे नव्वद दिवस न वापरलेला नंबर बंद होऊ शकतो, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. त्यामुळे आधार आणि बँकेला जोडलेल्या नंबराची तारीख स्वतःच्या कॅलेंडरात लिहून ठेवा, आईबापाच्या भरवशावर नको.

या तिन्ही सूचना म्हणजे पुन्हा काटकसरच. पोस्टकार्डाच्या काळात ती अक्षरांत करायची होती, पीसीओत सेकंदांत, लाइफटाइमच्या काळात घंट्यांत. आता ती मुदतीच्या दिवसांत करावी लागते. फरक एवढाच की आधीच्या युक्त्या लिहिता न येणाऱ्यालाही जमायच्या. फाटका कोपरा आणि एक घंटी समजायला अॅप लागत नव्हतं.

१८५४ मध्ये कंपनी सरकारसुद्धा एका निष्कर्षाला आलं होतं: निरोपाचे पैसे पाठवणाऱ्याने द्यावेत, दारात निरोपाची वाट बघत बसलेल्याकडे मागू नयेत. २००३ मध्ये आपण तोच निष्कर्ष पुन्हा काढला. आता वाट बघण्याचंच भाडं सुरू झालंय. भंडारा डाकघरात पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं, आणि ते घेणाऱ्याला आजही काही पडत नाही.